तुम्ही विचारलंत म्हणून: महिनाभर नुसतं पिठलं करा

गावाकडची पोरं पुण्यात शिकायला आली की दोन-तीन महिन्यांत मला एक प्रश्न हमखास येतो. दादा, मेस परवडत नाही, पोटालाही झेपत नाही, रूमवरच करून खायचं म्हणतोय पण स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, सुरुवात कुठून करू? मागच्या आठवड्यात एका मुलीनेही हेच विचारलं, तिला घरी कधी कुणी ओट्याजवळ उभंच केलं नव्हतं कारण बारावीचा अभ्यास. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगतो, आज एकदाच नीट लिहितोय.

माझं उत्तर एवढंच की महिनाभर पिठलं करा. रोज नको, पण आठवड्यातून तीन-चार वेळा करा आणि तोपर्यंत मोबाईलवर दुसऱ्या रेसिपी बघू नका. मला हे मनापासून वाटतं, कारण पिठल्यात फोडणी आहे, पाण्याचा अंदाज आहे, मिठाचा अंदाज आहे, वाफ काढणं आहे, आणि बिघडलंच तर नुकसान किती, मूठभर बेसनाचं. पनीर आणून बिघडवलं की दोन दिवसांचे पैसे जातात आणि माणूस पुन्हा गॅसपाशी जात नाही. हे मी माझ्या दोन रूममेटच्या बाबतीत बघितलंय.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातला. पुण्यात आलो तेव्हा घरून महिन्याचे ठरलेले पैसे यायचे आणि त्यातले निम्म्याच्या वर मेसला जायचे. त्या मेसच्या भाजीवर तेलाचा थर असायचा आणि माझं पोट सारखं बिघडायचं. मग रूम सोडून चाललेल्या एका सिनियरकडून शेगडी, तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा आणि एक जाड बुडाची कढई घेतली. ती कढई अजून माझ्याकडे आहे.

शिकवायला कोणी नव्हतं. फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवायचो आणि पलीकडून आई. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, मोहरी तडतडली का? म्हटलं, हो तडतडली. तर म्हणाली, ‘नाही रे, मला ऐकू येतंय की, दोनच उडाल्यात, थांब जरा.’ दीडशे-दोनशे किलोमीटरवरून तिला माझ्या कढईतली मोहरी कळत होती! मग खरंच सगळी मोहरी एकदम फुटायला लागली आणि ती म्हणाली, हां, आता गॅस बारीक कर आणि जिरं टाक. त्या दिवसापासून मी फोडणी कानाने करतो आणि तुम्हीही तशीच करा. मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते म्हणून तो फुटतो, आणि न फुटलेली मोहरी दाताखाली कडवट लागते. म्हणून मोहरीला घाई नाही. मोहरी झाली की मात्र भराभर, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, आणि हळद सगळ्यात शेवटी कारण ती पटकन जळते.

आता पिठलं. दोघांना अर्धी वाटी बेसन पुरतं. बेसन आधी भांड्यात घेऊन थोड्या गार पाण्यात कालवायचं, बोटांनी गुठळ्या मोडायच्या, दह्यासारखं झालं की उरलेलं पाणी घालायचं, सगळं मिळून दीड ते दोन वाट्या. कोरडं बेसन गरम पाण्यात टाकलंत तर वरून लगेच शिजून आत कोरड्या गोळ्या राहतात, माझ्या पहिल्या पिठल्यात लिंबाएवढ्या होत्या. फोडणीत एक मोठा कांदा बारीक चिरून गुलाबी होऊ द्या, मग ते कालवलेलं बेसन एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने सतत हलवत राहा. दोनेक मिनिटांत ते आळायला लागतं, जड होतं, मधे फट्ट फट्ट बुडबुडे येतात. इथेच सगळे फसतात, झालं म्हणून गॅस बंद करतात आणि मग खाताना कच्चट वास येतो. मीठ घालून झाकण ठेवा, गॅस एकदम बारीक, पाच-सहा मिनिटं वाफ काढा. वास कच्च्या डाळीचा न राहता खमंग यायला लागला की झालं. घट्ट वाटलं तर गरम पाणी घाला, गार नको. कोथिंबीर असली तर वरून, नसली तर काही अडत नाही.

हे एकदा हाताला बसलं की आमटी म्हणजे तीच फोडणी आणि बेसनाऐवजी शिजलेली डाळ, उसळ म्हणजे तीच फोडणी आणि मोड आलेली मटकी. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो, पावशेर मटकी मोड आल्यावर एवढी होते की दोघांची दोन वेळची उसळ निघते. पालेभाजी, बटाट्याच्या काचऱ्या, फोडणीचा भात, सगळं त्याच दारातून आत येतं.

डाळीचं एक सांगतो कारण फोन त्याचेच जास्त येतात, दादा चार शिट्ट्या दिल्या तरी डाळ दडदडीतच. बहुतेक वेळा त्यांनी टोमॅटो किंवा चिंच डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकलेली असते. आंबट असलं की डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून आमसूल-चिंच-टोमॅटो जे काय असेल ते डाळ गाळ शिजल्यावर. बोअरचं जड पाणी असलं तरी तसंच होतं, मग पिण्याचं पाणी वापरा आणि अर्धा तास आधी भिजवा, गॅसही वाचतो. आणि कुकर डाळीने अर्ध्याच्या वर भरू नका, फेस वर येऊन शिट्टीचं भोक बुजतं. माझ्या रूमवर हे झालंय. तेव्हा झाकण ओढत बसू नका, गॅस बंद करून कुकर आपोआप गार होऊ द्या.

भाकरीला मात्र वेळ लागतो हे आधीच सांगतो. मला तीन महिने लागले. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे पीठ आपोआप धरून राहत नाही, म्हणून पाणी कडकडीत गरम घ्यायचं आणि तळहाताने चांगलं रगडायचं. पीठ ताजं पाहिजे. महिन्याचं एकदम दळून आणलं की शेवटी शेवटी पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते आणि थापताना कडा फाटतात, आपल्याला वाटतं आपलाच हात वाईट. मी दोन-दोन किलोच दळून आणतो. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकत आलं पण अजून ओलसर आहे अशा वेळी उलटायची, पूर्ण वाळू दिलं तर भेगा पडतात. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला करून आचेवर, टम्म फुगते. इंडक्शन असलं तर आच नसते, मग तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबत फिरवायची, थोडी कमी फुगते पण चांगली होते. पीजीत शेगडी चालत नाही म्हणून भाकरी सोडून देणाऱ्यांना मी हेच सांगतो.

खरेदीचं फार लांबवत नाही. माझ्या एकट्याला महिन्याला साधारण सहा किलो ज्वारी, तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, किलोभर शेंगदाणे, अर्धा-अर्धा किलो बेसन, मटकी, हुलगे आणि लिटरभर तेल लागतं. हे सगळं घेऊन, भाजी आणि गॅस धरूनही मेसच्या पैशातले बऱ्यापैकी उरतात. भाजी संध्याकाळी उशिरा घ्या, बाजार उठायच्या वेळेला वाटे स्वस्त लावतात. शेंगदाणे मंद आचेवर भाजून कूट डब्यात भरून ठेवा, ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही त्या दिवशी गरम भात, कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. आमच्या सोलापूरकडे शेंगाचटणी उखळात कुटतात, तेल सुटेपर्यंत, मिक्सरला ती चव येत नाही, पण छोट्या खलबत्त्यात थोडी थोडी केली तर येते.

काही जण हळू आवाजात विचारतात, दादा, रोज डाळ-भाकरी-पिठलं, हे गरिबाचं जेवण नाही का, यातून ताकद येते का? येते. डाळीत जे कमी असतं ते ज्वारी-तांदळात असतं आणि त्यांच्यात जे कमी ते डाळीत, म्हणून आपल्याकडे दोन्ही एका ताटात आलं. आणि गरिबाचं म्हणाल तर माझ्या आजीने 1972 चा दुष्काळ बघितलाय. तेव्हाच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी कशी लागायची ते ती अजून सांगते, तोंड वाकडं करून. पुढच्या सालात घरच्या शाळूची पहिली पाटी दळून आली तेव्हा आजोबांनी नुसती भाकरी खाल्ली म्हणे, कोरड्यास न घेता. मला ती गोष्ट माहीत असल्यामुळे ताज्या पिठाची गरम भाकरी समोर आली की ती स्वस्त आहे हे माझ्या डोक्यातही येत नाही.

म्हणून सुरुवात आज रात्री करा, अर्धी वाटी बेसन, एक कांदा, दोन मिरच्या, चार लसूण पाकळ्या. आणि पिठलं काढून घेतल्यावर कढईत लगेच पाणी ओतू नका. बुडाला जी खरवड धरते ती मंद आचेवर अजून दोन मिनिटं राहू द्या, कडेने थोडं तेल सोडा, कुरकुरीत झाली की उलथन्याने खरवडून गरम गरम भाकरीवर घ्या. आमच्या रूमवर तिचे तीन सारखे वाटे व्हायचे, आणि ते वाटे मोजून करायला लागायचे.