गुरुवारचा बाजार मोजला तो दिवस

प्रस्ताव माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात आठवडे बाजाराविषयी एकच आकडा होता. बाजार फी वसुलीच्या ठेक्यातून नगरपरिषदेला वर्षाला मिळणारी रक्कम. शेजारच्या रकान्यात त्याच जागेवर बहुमजली व्यापारी संकुल उभं राहिलं तर गाळ्यांची अनामत आणि भाडं मिळून किती येईल याचा अंदाज. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट मोठा. खाली शिफारस: बाजार बायपासलगतच्या मोकळ्या जागेत हलवावा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेत रचना सहायक आहे. विकास आराखड्यातली आरक्षणं, बांधकाम परवानग्या, मोजणीचे नकाशे हे माझं रोजचं काम. फाइलवर अभिप्राय लिहून ती पुढे सरकवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण तो पहिला आकडा मला खटकला. ठेक्याची रक्कम लिलावात ठरते. बोली लावायला किती जण आले, त्यांच्यात चुरस किती झाली, यावर ती चढते-उतरते. बाजारात किती माणसं बसतात, कुठल्या गावची, काय खपतं, यातलं काहीच त्या रकमेत दिसत नाही. आणि आपण त्या एका रकमेवरून शहराच्या मधली, एसटी स्टँड आणि मुख्य पेठ यांच्यामधली जागा बदलायला निघालो होतो.

आधी कागद शोधले. जनगणना 2011 ची. तिच्यात काम करणाऱ्यांचे चार गट: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. शहरात बहुतेक सगळे ‘इतर’मध्येच जातात, मग तो सराफ असो की चहाच्या गाड्यावरचा पोरगा. सहावी आर्थिक गणना 2013 ची. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं सामाजिक व आर्थिक समालोचन मी नेहमी वापरते, चांगलं काम आहे ते, पण ते जिल्ह्याचं आणि तालुक्यांचं चित्र देतं, एका बाजाराचं नाही. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण झालं ते शहरात रोज विकणाऱ्यांचं. गुरुवारी पहाटे मेथीचं गाठोडं घेऊन येणारी बाई जनगणनेत तिच्या गावात मोजली जाते. आमच्या शहराच्या कुठल्याही तक्त्यात ती नाही.

जुने कर्मचारी सांगतात, 1999 पर्यंत नगरपालिकांना जकात होती तेव्हा शहरात काय माल येतो ते नाक्यावरच्या वहीत रोज उतरायचं. जकातीचा जाच होता, ती गेली हे बरंच झालं. तिच्या बदल्यात सहायक अनुदान आलं. पण अनुदान मंत्रालयातून येतं, त्यासाठी शहरात काय चाललंय हे कुणाला रोज लिहावं लागत नाही. एकीकडे 74व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची, म्हणजे नगरपालिकांकडे द्यायच्या विषयांची यादी, आणली, तिच्यातल्या 18 विषयांत तिसराच विषय आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन हा आहे. आणि आमच्याकडे त्या नियोजनासाठी हाताशी एक ठेक्याची पावती.

मुख्याधिकारी साहेबांना म्हटलं, “सर, एक गुरुवार मोजू द्या.” त्या वेळी निवडून आलेली सभा नव्हती, प्रशासकांचा कारभार होता. एरवी प्रभागातली गाऱ्हाणी घेऊन नगरसेवक तरी येतात, तेव्हा तेही नव्हतं. साहेब म्हणाले, “मोजा. पण पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्यांची बैठक आहे, त्याआधी द्या.”

स्थानिक महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागातल्या मुलामुलींना बोलावलं. बाजाराच्या चारही तोंडांवर दोघं-दोघं, दर अर्ध्या तासाला येणाऱ्यांच्या रेघा ओढायच्या. बाकीच्यांनी पालापालांत फिरून विक्रेत्यांना चार प्रश्न विचारायचे: कुठलं गाव, कशाने आलात, काय विकायला आणलंय, आणि घरी जाताना इथून काय नेणार. चौथा प्रश्न आमच्या बाजार लिपिकाने सुचवला. त्यांची निम्मी नोकरी त्या मैदानात गेली आहे.

पहाटे साडेपाचला पोचलो तेव्हा शेळी बाजार उरकत आला होता. भाजीवाल्या बायका जागा धरून बसल्या होत्या. कुणी पोतं अंथरून वाटे लावत होतं, कुणी कॅरेट उलटं करून त्यावर लिंबं. शेपू-मेथीच्या जुड्या सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी माझ्या हातातला कागद बघितला.

“कशापायी लिव्हतीस ग बाई? पावती वाढवाय का?”

“नाही मावशी. बाजार हलवायचं चाललंय, त्याआधी कोण कोण येतंय ते बघतोय.”

“कुठं हलीवताय?”

“बायपासला.”

त्यांनी जुडी खाली ठेवली. “तिकडं एसटी उभी राहती व्हय?”

मग चौथ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं ते असं: तेलाच्या दोन पिशव्या, मालकांच्या बीपीच्या गोळ्या, नातीला वह्या, शिलाई मशीनचा पट्टा, आणि उरलेच तर सुनेला परकराचं कापड. मैदानात यातलं काहीच मिळत नाही. सगळं पेठेतलं. त्यांनी भाजी विकून जमवलेला पैसा दुपारनंतर त्याच शहरातल्या किराण्यात, औषधाच्या दुकानात, स्टेशनरीत आणि कापडात जाणार होता. दिवसभर जसजसे कागद हातात येत गेले तसतशी प्रत्येकावर अशीच यादी. खताची पिशवी, फवारणीचं औषध, मोबाइलची काच, चष्म्याची काडी, दातांचा डॉक्टर. एका मुलीने मला थांबवून विचारलं, “मॅडम, हे लोक विकायला येतात की घ्यायला?” मला त्या दिवसातला तो सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटला.

दुसरी गोष्ट एसटीची. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. पूर्वी टेम्पोत मालासोबत दाटीवाटीने येणाऱ्या कितीतरी बायका आता एसटीने येत होत्या, छोटं गाठोडं घेऊन, एकट्या, आपल्या वेळेने. अर्ध्या तिकिटामुळे थोडा माल आणणंही परवडायला लागलं होतं. आगारात गेले. सवलतीच्या तिकिटांची भरपाई शासन देतं, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा ठेवलेला असतो. आगारप्रमुखांनी आठवड्याच्या वारांप्रमाणे तो दाखवला. गुरुवार उठून दिसत होता. कागदावर, कुणाच्याही शब्दावर विसंबायची गरज नव्हती. बाजार बायपासला गेला असता तर या बायकांना स्टँडवरून रिक्षा करावी लागली असती, आणि एका गाठोड्याच्या नफ्यात जाऊन-येऊन रिक्षा बसत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या फॉर्मवर नव्हतीच. मुलींनी कागदांच्या पाठीमागे लिहून आणली. बायकांना जायला जागा नाही. पहाटे चारला घरून निघालेल्या बाया दुपारी परत गावी पोचेपर्यंत पाणी पीत नाहीत. एकीने सांगितलं, उन्हाळ्यातही नाही. इतकी वर्षं या बाजाराची फी घेणाऱ्या नगरपरिषदेत मी काम करते आणि हे मला कागदाच्या पाठीवर वाचायला मिळालं. त्या ओळी वाचताना मला फार राग आला, आणि आजही येतो.

चार वाजता मला वाटलं, आता गर्दी ओसरेल. तोंडांवरच्या रेघा उलट वाढायला लागल्या. आमच्या भागात मजुरांची आठवड्याची हजेरी बाजाराच्या दिवशी मिळते. पैसे हातात पडले की माणसं थेट बाजारात. ही संध्याकाळची गिऱ्हाइकं सकाळच्या गिऱ्हाइकांपेक्षा वेगळी: सुकट, कांदे, मुलांना जिलेबी, आणि मग किराणा. अंधार पडला तरी व्यवहार चालूच, बॅटरीच्या दिव्यांवर. मैदानात दिव्याचा एक खांब, तोही कोपऱ्यात.

मोजणी झाली, आता पेठेची बाजू. दुकानदार विक्रीचा आकडा सांगत नाहीत आणि त्यांनी तो का सांगावा? म्हणून तो विचारलाच नाही. विचारलं ते एवढंच: “आठवड्याची विक्री शंभर रुपये धरली तर त्यातले गुरुवारचे किती?” यावर बहुतेकांनी चटकन उत्तर दिलं. पडताळा म्हणून एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांना, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्यांना, गाठलं. ते रोज दुकानोदुकानी फिरतात, कुठल्या गल्लीत कोणत्या वारी पैसा फिरतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. कुणाचंही नाव किंवा खातं न घेता गल्लीनिहाय कमी-जास्त एवढंच घेतलं. चहाच्या हॉटेलांचं गुरुवारचं दूधही विचारलं. तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या: पेठेच्या बहुतेक गल्ल्यांत गुरुवारचा वाटा आठवड्याच्या सातव्या हिश्श्याच्या कितीतरी वर. पण सगळ्या नाही. हार्डवेअर आणि फर्निचरच्या दोन गल्ल्यांत गुरुवार सगळ्यात मंदा, कारण त्या दिवशी तिथे टेम्पो शिरूच शकत नाही. हेही तक्त्यात घातलं. ते लपवलं असतं तर बाकीच्या तक्त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

आमच्याच दप्तरातली गाळ्यांची नोंदवहीही काढली. आधीच्या संकुलातले वरच्या मजल्यावरचे गाळे लिलावाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही रिकामेच होते. नव्या संकुलाच्या उत्पन्नाचा अंदाज मात्र सगळे गाळे पहिल्या वर्षी भरतील असं धरून केलेला.

आणि एक कायद्याचा मुद्दा. पथविक्रेता अधिनियम, 2014 च्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटलं आहे की ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाइकं परंपरेने जिथे जमत आलेत अशा ठिकाणी, विक्रेते 50 वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आहेत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. आमचा बाजार किती जुना हे तोंडी सगळ्यांना माहीत, पण पुरावा हवा. बाजार लिपिकांनी रेकॉर्ड रूममधून बाजार फीची जुनी वही शोधून काढली. तेवढी पुरेशी होती.

बैठकीत व्यापारी संघटनेची मंडळी बाजार हलवण्याच्या बाजूनेच आली होती. त्यांची तक्रार खोटी नव्हती. गुरुवारी अग्निशमनाची गाडी पेठेत जाऊ शकत नाही, दुकानासमोर पाल पडतं. मी भाषण केलं नाही. पेठेचा नकाशा भिंतीवर लावला, प्रत्येक गल्लीवर शंभरातला गुरुवारचा वाटा लिहिलेला. नकाशासमोर लोक उभे राहिले आणि आपापली गल्ली शोधायला लागले. एक ज्येष्ठ कापडव्यापारी म्हणाले, “गुरुवारी गाडी लावायला जागा नसते म्हणून आम्ही ओरडतो. गल्ला त्याच दिवशी भरतो, हे असं लिहून कुणी दाखवलं नव्हतं.” हार्डवेअरवाले लगेच उठले, “आमचं काय?” चर्चा तिथून खरी सुरू झाली, आणि ती दोन तास चालली. बाजार ठेवायचा की हलवायचा हा विषय मागे पडला. कुठली गल्ली गुरुवारी मोकळी ठेवायची यावर माणसं भांडत होती.

साहेबांनी संकुलाचा प्रस्ताव परत पाठवला. त्याऐवजी तयार झालेल्या आराखड्यात मैदानात ओटे, पाण्याची टाकी, दिव्यांचे खांब, स्टँडच्या बाजूला महिलांचं स्वच्छतागृह, आणि अग्निशमनासाठी पिवळ्या पट्ट्याची मोकळी वाट. हार्डवेअरच्या गल्लीत गुरुवारी सकाळी नऊपर्यंत टेम्पोला मुभा. संकुल मेलेलं नाही. लहान आकारात, दुसऱ्या आरक्षित जागेवर, आधीचे रिकामे गाळे भरल्यावर विचार करू असा शेरा त्यावर आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

स्वच्छतागृह सगळ्यात आधी झालं. ओट्यांचं काम अजून चालू आहे. दिव्यांचे खांब उभे आहेत, जोडणी व्हायची आहे, त्यासाठी मी दर आठवड्याला विद्युत विभागात जाते. ठेक्याच्या अटींत एक अट नवी घातली: फाडलेल्या प्रत्येक पावतीची स्थळप्रत नगरपरिषदेत जमा करायची आणि पावतीवर विक्रेत्याच्या गावाचं नाव लिहायचं. ठेकेदार कुरकुरले, पण लिहितात. बाजार लिपिक ती गावं वहीत उतरवतात आणि महिन्याच्या शेवटी बेरीज माझ्याकडे येते. पावसाळ्यातला एक बाजार आणि सुगीतला एक बाजार अजून मोजायचा आहे. महाविद्यालयाला त्याचं पत्र गेलं आहे.