लाल एमजीबीची नोंदवही: मागची टकटक

मागच्या नोंदीत बढाई मारली होती की पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ती बढाई सोसायटीच्या फाटकापर्यंत टिकली. गतिरोधक ओलांडून क्लच सोडला आणि मागून 'खट्ट'. पौड रस्त्याला लागलो तर त्याच्या जोडीला 'टिक्, टिक्, टिक्'. वेग वाढला की टिकटिक वाढायची, आणि उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद केलं तरी थांबायची नाही. म्हणजे निदान इंजिन सुटलं.

नव्या वाचकांसाठी: गाडी १९६५ ची एमजीबी, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १,७९८ सीसी, तारेची चाकं. काकांकडून आली. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली सोय) नाही आणि त्यात ती रडल्यासारखी वाजते, पण ते तिचं जन्मजात आहे. त्यावर कुणी सल्ला देऊ नये.

मिस्त्रींनी गाडी दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे घेतली आणि निकाल दिला, "शेठ, क्राउन-पिनियन गेलं. हौजिंग उतरवावं लागणार." मला पटेना. क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची मुख्य जोडी, खराब झाली की सहसा ती गुणगुणते, एक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर सूर बदलतो. इथे सूरच नव्हता, नुसता ठेका होता.

तरी आधी स्वस्तातलं बघावं म्हणून प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) काढला. काढण्यापूर्वी फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) दोन्ही बाजूंना रंगाची खूण केली; तो होता तसाच परत बसला नाही तर थरथरीचं नवं दुखणं मागे लागायचं. शाफ्टच्या टोकांना वाकत्या सांध्यासाठी क्रॉस असतो; पुढच्या क्रॉसच्या एका कपाभोवती तांबडी पूड दिसली, म्हणजे आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रूळ) कोरड्या पडून गंजलेल्या. हातात धरून फिरवला तर एका जागी अडकत होता. जुना क्रॉस खिशात घालून नाना पेठेत गेलो. तिसऱ्या दुकानात व्हर्निअर लावून मापाचा मिळाला. मूळ कोणत्या गाडीचा ते दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

क्रॉस बदलल्यावर 'खट्ट' निम्म्यावर आली. टिकटिक जशीच्या तशी.

यानंतरचे दोन आठवडे वाया गेले, आणि त्यातला एक पूर्ण माझ्या मूर्खपणामुळे. ठरवलं होतं की ठोके मोजायचे. माझ्या एक्सलचं गुणोत्तर ३.९ च्या आसपास आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रॉपेलरचे जवळजवळ चार फेरे. एका फेऱ्याला चार टिका आल्या तर दोष प्रॉपेलरकडे, एकच आली तर चाक किंवा एक्सलकडे. हिशोब बरोबर होता. पण मी पुढच्या चाकांना विटा लावून मागचं एकच चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. प्रॉपेलर दोनच वेळा फिरला! दोन तास डोकं खाजवलं. दुसरं चाक जमिनीवर अडून बसलं की डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी) प्रॉपेलरचं फिरणं निम्म्यावर आणतं, हे पुस्तकात शंभरदा वाचलेलं, पण एक्सलखाली आडवं पडल्यावर आठवेल तर शपथ. शिवाय भार नसल्यामुळे टिकटिक आलीच नाही.

मग गाडी जमिनीवर ठेवून ढकलायचं ठरलं. संध्याकाळी जमत नव्हतं, कारण शेजारच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव. अखेर रविवारी सकाळी सातला भाच्याला उठवलं. टायरवर खडूची रेघ ओढली. तो ढकलतोय, मी डाव्या मागच्या चाकाशेजारी खेकड्यासारखा वाकून चालतोय. "मामा, अजून किती?" असं त्याने चौथ्यांदा विचारेपर्यंत खात्री झाली: एका फेऱ्याला एक टिक, आणि दर वेळी रेघ जवळपास त्याच जागी.

हँडब्रेक ओढला, डावं मागचं चाक उचललं आणि दोन्ही हातांनी पुढे-मागे हिसडलं. ड्रम जागचा हलला नाही, चाक हललं. थोडंसंच, पण हललं. मधला मोठा नट तांब्याच्या हातोडीने सोडवला (शेजारच्या काकू गॅलरीतून: "अहो, रविवारी तरी!") आणि चाक बाहेर ओढलं. तारेचं चाक बोल्टांवर बसत नाही, हबच्या, म्हणजे एक्सलच्या टोकावरच्या तुंब्याच्या, स्प्लाइनवर (दात्यांवर) बसतं. त्या दात्यांचे माथे सपाट असायला हवेत. माझे झिजून करवतीसारखे टोकदार झालेले, आणि खाचांत ग्रीसऐवजी पावसाळ्याचा गंज.

पडताळ्यासाठी स्टेपनी होतीच. तिचे दाते कोरे करकरीत, बहुधा आयुष्यात हबवर चढलेच नसतील. हब पुसून, ग्रीस लावून ती बसवली आणि चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो. टिकटिक जवळपास गेली. 'खट्ट' अजून थोडी आहे. तिचा संशय डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरांमागच्या थ्रस्ट वॉशरवर (झीज सोसणाऱ्या चकत्यांवर), पण ती कुरकुर आणखी काही वर्षं चालवून घेता येईल.

एका मित्राने सुचवलं की झिजलेलं चाक पुढे टाक, पुढे कुठे इंजिनचा जोर येतो? नाही टाकणार. ब्रेकही त्याच दात्यांतून चाकापर्यंत पोचतो, आणि पुढच्या चाकांवर तो जास्त लागतो. ते चाक भंगारात.

स्टेपनीही तिथे कायम ठेवणार नाही. झिजलेला हब नव्या चाकाचे दाते खातो, म्हणून हब आणि चाक जोडीनेच बदलायचं. दोन्ही इंग्लंडहून मागवलंय, कस्टम्सचा आकडा आला की कळवतो. तोवर उजव्या बाजूचं चाक उतरवून बघायचंय. काकूंना शनिवार दुपारची वेळ दिली आहे.