कंट्रोल, शिफ्ट आणि चार बाण

‘हे शंभर कीबोर्ड शॉर्टकट पाठ करा’ छापाच्या याद्या मला आवडत नाहीत. माणूस मोठ्या उत्साहाने यादी छापून घेतो, स्क्रीनशेजारी चिकटवतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा माउसने मेनू उघडून ‘कॉपी’ शोधू लागतो. यात त्याची काही चूक नसते. अशा यादीत रोज लागणारं आणि वर्षातून एकदा लागणारं एकाच पंगतीला बसवलेलं असतं, आणि आधी काय शिकायचं हे कुणी सांगत नाही.

माझं काम मजकूर तपासण्याचं. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, शब्द बदलायचे, वाक्यं हलवायची, ऱ्हस्वदीर्घ बघायचं. दिवसभर कर्सर कुठून तरी कुठे तरी न्यायचा असतो, म्हणून माझा सगळा जीव कर्सर हलवण्याच्या बटणांत अडकलेला आहे. आधी शिकायचं असेल तर हेच शिका, असं मी प्रत्येकाला सांगते, कारण यात पाठ करण्यासारखं फारसं काही नाही.

बाणाचं बटण कर्सरला एक अक्षर पुढेमागे नेतं. सोबत कंट्रोल दाबला की तो एकेक शब्द ओलांडतो. शिफ्ट दाबला की जेवढं ओलांडाल तेवढं सिलेक्ट होतं. दोन्ही दाबले की शब्दच्या शब्द सिलेक्ट होत जातात. होम आणि एंड ओळीच्या टोकांना नेतात, कंट्रोलसोबत फाइलच्या टोकांना. बॅकस्पेस एक अक्षर खोडतो, कंट्रोल-बॅकस्पेस अख्खा शब्द. कंट्रोल झेप वाढवतो आणि शिफ्ट पकडून ठेवतो, एवढं कळलं की बाकीच्या जोड्या आपल्या आपणच सुचतात. मॅकवर शब्दाची झेप ऑप्शनने घ्यायची आणि ओळीची टोकं कमांड-बाणाने गाठायची. तत्त्व तेच.

एक वाक्य घेऊ. ‘अर्ज सोमवारी फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील.’ लेखकाला म्हणायचं आहे की अर्ज फक्त सोमवारी घेणार. म्हणजे ‘फक्त’ एक घर मागे सरकायला हवा. कर्सर ‘ऑनलाइन’च्या आधी उभा आहे. कंट्रोल दाबून धरा. शिफ्ट आणि डावा बाण: ‘फक्त’ त्याच्या पुढच्या स्पेससकट सिलेक्ट झाला. शिफ्ट सोडून एक्स: तो उचलला गेला. नुसता डावा बाण: कर्सर ‘सोमवारी’च्या आधी आला. व्ही: ‘अर्ज फक्त सोमवारी ऑनलाइन स्वीकारले जातील.’ या सगळ्यात कंट्रोलवरचं बोट एकदाही उठलं नाही आणि स्पेसही नीट जागेवर बसली. माउसने हेच करताना ‘फक्त’वर नेमकं डबलक्लिक करायचं, मग ‘सोमवारी’च्या ‘सो’आधीची ती बारीक फट गाठायची. तेवढ्यात नजर वाक्यावरून उठून बाणाच्या टोकावर जाते, आणि वाक्य बरोबर झालं का, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. माझ्या दृष्टीने शॉर्टकटचा खरा फायदा इथे आहे. सेकंद वाचतात ते वाचतातच, पण लक्ष मजकुरावरून हलत नाही, याचं मोल मला जास्त वाटतं.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा आहे, आणि तो इंग्रजी याद्यांत कधीच सापडत नाही. बॅकस्पेस आणि डिलीट आपल्या लिपीत एकमेकांची उलटी प्रतिबिंबं नाहीत. ‘किर्ती’चं ‘कीर्ती’ करायचं आहे. कर्सर ‘कि’च्या नंतर ठेवून बॅकस्पेस दाबला तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये फक्त वेलांटी जाते, ‘क’ शिल्लक राहतो. दीर्घ वेलांटी टाइप केली की झालं. कर्सर ‘कि’च्या आधी ठेवून डिलीट दाबला तर ‘कि’ अख्खा जातो. जोडाक्षरांत तर हे फार उपयोगी पडतं: ‘क्ष’नंतर एकदा बॅकस्पेस दाबला की ‘क्’ उरतो, आणि पुढचं व्यंजन बदलून घेता येतं. म्हणून माझा नियम असा की ऱ्हस्वदीर्घ, काना-मात्रा, जोडाक्षर दुरुस्त करायचं असेल तर अक्षराच्या मागून यायचं आणि बॅकस्पेस वापरायचा. अक्षर मुळातूनच नको असेल तर पुढून डिलीट. आणि कीबोर्ड मराठी-इंग्रजी बदलायला कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या चिन्हावर क्लिक करत बसू नका. विंडोज-स्पेस दाबा.

कापा-चिकटवाची ही पद्धत आपल्याला मिळाली ती लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या कामातून. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘जिप्सी’ नावाचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम, बनवला. त्या काळच्या एडिटरमध्ये आधी ‘मोड’ बदलावा लागे; एकच बटण एका मोडमध्ये अक्षर उमटवायचं आणि दुसऱ्या मोडमध्ये आज्ञा द्यायचं. टेस्लर यांना हे अजिबात मान्य नव्हतं. माणसाने टाइप करायला लागावं आणि अक्षरं उमटावीत, यासाठी ते आयुष्यभर भांडले. पुढे ते ॲपलमध्ये गेले आणि १९८३ साली आलेल्या ‘लिसा’ या संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही ही ओळ दिसली. झेड म्हणजे केलेलं मागे घेणं. सी म्हणजे कॉपी. एक्स म्हणजे काट मारणं. आणि व्ही? छापील मजकूर तपासताना ‘इथे घाला’ म्हणून आम्ही जी टोकदार खूण करतो, तिचं उलटं रूप. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. टेस्लर २०२० साली गेले. त्यांची ती चार बटणं मात्र जगभरातली बोटं रोज दाबतात.

ही चारही बटणं डाव्या हाताखाली आहेत, हेही बघा. उजवा हात माउसवर असताना डाव्याला सहज सापडावीत अशीच त्यांची जागा आहे. म्हणजे सगळ्यात गाजलेले शॉर्टकट माउसच्या जोडीला आले, त्याला हटवायला नाही. ॲपलमध्येच काम केलेले ब्रूस टॉग्नाझिनी यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लिहिलं होतं की लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, पण घड्याळ लावून पाहिलं तर माउस पुढे असतो; शॉर्टकट आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या लक्षातच येत नाही. क्वचित लागणाऱ्या आज्ञांबाबत मला हे तंतोतंत पटतं. चित्राभोवती मजकूर कसा वळवायचा, याचा शॉर्टकट मी शोधतही नाही, सरळ मेनू उघडते. पण जे बोटांत मुरलेलं आहे ते आठवावं लागत नाही, आणि तिथे त्यांचं म्हणणं मला लागू वाटत नाही.

मुरवायचं कसं? दिवसभरात माउस कशासाठी पुन्हापुन्हा हातात घेतला ते बघा आणि त्यातली एकच गोष्ट निवडा. मेनूत त्या आज्ञेच्या समोरच बहुतेक वेळा तिचा शॉर्टकट छापलेला असतो. तो वापरायला लागा, आणि अंगवळणी पडेपर्यंत दुसरा घेऊ नका.

वर सांगितलेले सोडून बाकीच्या शॉर्टकटांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते असे. वर्डमध्ये शिफ्ट-एफ५: शेवटची दुरुस्ती जिथे केली तिथे कर्सर परत जातो. लांबलचक फाइलमध्ये एखादा संदर्भ बघायला वर गेल्यावर मूळ जागा हरवते, तेव्हा याच्यासारखा आधार नाही. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी परत आणतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही बऱ्याच ठिकाणी मजकूर त्याच्या मूळ फाँट-रंगाविना चिकटवतो. चार ठिकाणांहून आलेला मजकूर एकत्र करणाऱ्याने हा आधी शिकावा. आणि विंडोज-व्ही. विंडोज १०च्या २०१८मधल्या अपडेटपासून क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं ती जागा, मागच्या २५ गोष्टी लक्षात ठेवू शकतो, फक्त ही सोय एकदा चालू करून घ्यावी लागते. संगणक पुन्हा सुरू केला की पिन केलेल्या सोडून बाकी पुसल्या जातात. पासवर्ड कॉपी केला असेल तर तोही त्या यादीत दिसू शकतो, तेव्हा सामायिक संगणकावर हे चालू ठेवू नका. उठून जाताना स्क्रीनला कुलूप लावणारं विंडोज-एल दाबायची सवय तर सगळ्यांनाच हवी.

इतका वेळ मी वेगाबद्दल आणि लक्षाबद्दल लिहिलं, पण कीबोर्डवाचून ज्यांचं चालतच नाही अशी माणसंही आहेत. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्या अंध व्यक्तीला माउसचा बाण दिसत नाही. हात थरथरणाऱ्याला बारीक बटणावर क्लिक साधत नाही. ज्याला दोन बटणं एका वेळी दाबता येत नाहीत त्याच्यासाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज आहेत: शिफ्ट पाच वेळा दाबला की त्या सुरू करण्याबद्दल विचारलं जातं, आणि मग कंट्रोल आणि सी एकामागून एक दाबले तरी कॉपी होतं. आपल्यातले बरेच जण ती खिडकी वैतागून बंद करतात. ती कशासाठी आहे हे माहीत असावं.

मध्यंतरी मी एक ऑनलाइन फॉर्म भरत होते. नावाच्या रकान्यात टॅब दाबला तर कर्सर पत्त्याकडे न जाता थेट पानाच्या तळाशी गेला, आणि तारखेच्या रकान्यात कीबोर्डने काही भरताच येईना. मी माउस घेतला आणि फॉर्म पूर्ण केला. ज्याला माउस वापरता येत नाही त्याचा अर्ज तिथेच थांबला असता. याचा मला मनापासून राग आला. तुम्ही कुणासाठी फॉर्म किंवा वेबपान बनवत असाल, तर ते सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी माउस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, बाण, स्पेस, एंटर एवढ्यांवरच ते पहिल्या रकान्यापासून ‘सबमिट’पर्यंत भरून बघा. आपण कुठल्या रकान्यात आहोत हे मध्येच दिसेनासं झालं, तर रंगसंगतीआधी ते दुरुस्त करा.