मचूळ बोअरच्या पाण्यात व्हेनामी रुळवताना

सोलापुरात कोळंबी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "समुद्र कुठाय?" समुद्र लागत नाही. भीमाकाठच्या क्षारपड पट्ट्यात ज्या बोअरच्या पाण्यावर पिकं पिवळी पडतात, तसल्या ३ पीपीटीच्या, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम क्षार असलेल्या मचूळ पाण्यातही व्हेनामी जातीची कोळंबी जगते. पण मीठ किती, यापेक्षा मिठात काय काय आहे, यावर सगळं अडतं आणि ते क्षारता मोजायचं मीटर सांगत नाही.

म्हणून बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, मागवण्याआधी मी पाण्याचा नमुना देतो आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वेगवेगळे मोजून मागतो. शेतीसाठी काढतो तो एकूण क्षार आणि सामू सांगणारा ईसी-पीएचचा रिपोर्ट इथं पुरत नाही. समुद्राचं प्रमाण धरलं तर दर पीपीटीमागे लिटरला १०.७ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ३९ मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवं. म्हणजे ३ पीपीटीला पोटॅशियम ३२. बोअरला निघालं ४, तूट २८. हजार घनमीटरला २८ किलो पोटॅशियम झालं. डाळिंबाला टाकतो त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते निम्मंच असतं, म्हणून खत ५६ किलो. गोणीवरचा ६० टक्क्यांचा आकडा ऑक्साइडच्या रूपातला असतो. त्यावर हिशेब केला की खत कमी पडतं. पांढरी पोटॅश घ्यावी, लाल पोटॅशचा गाळ खाली बसतो. आपल्याकडं चुनखडीच्या रानामुळे कॅल्शियमची ददात नसते. मॅग्नेशियम कमी असलं तर १ मिलिग्रॅम वाढवायला हजार घनमीटरला १० किलो मॅग्नेशियम सल्फेट धरायचं.

पोटॅशियमचा एवढा आग्रह का? व्हेनामीचं रक्त साधारण २५ पीपीटीच्या पाण्याइतकं खारट असतं. त्याहून गोड पाण्यात पाणी अंगात शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपतात. शिरलेलं पाणी मिशांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून लघवीवाटे जातं, पण ती लघवी जवळजवळ रक्ताइतकीच खारट, त्यामुळे त्यातूनही मीठ जातं. ही सगळी तूट कल्ल्यांनी पाण्यातून मीठ ओढून भरायची. कल्ल्यांच्या पेशींतला पंप ३ सोडियम रक्तात सोडतो आणि २ पोटॅशियम पेशीत घेतो. पोटॅशियम कमी पडलं की पंपच मंदावतो. मर मात्र लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी दिसते, आणि तोवर दोष बीजावर ढकलून झालेला असतो.

बीज पीएल-१० च्या (पीएल म्हणजे पोस्ट-लार्वा, आकडा त्या अवस्थेतल्या दिवसांचा) आतलं घेऊ नये, कल्ले पुरते तयार नसतात. पीएल-१५ उत्तम. हॅचरीला (बीज तयार करणाऱ्या केंद्राला) आधीच सांगून २० पीपीटीवर आणून घ्यावं. पिशव्या टाकीवर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, पण उघडल्यावर रेंगाळायचं नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरलेला असतो. हवा लागली की तो चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो.

मग टाकीत खारटपणा हळूहळू उतरवत बीज रुळवायचं. माझी टाकी अशी: २० पीपीटीचं २०० लिटर पाणी, त्यात २० हजार बीज, हवा अखंड चालू. पोटॅश मिसळलेलं तळ्याचं पाणी तासाला १५ लिटरनं सोडतो. पहिल्या तासात क्षारता साधारण १.२ पीपीटीनं उतरते, १० पीपीटी व्हायला १९ तास लागतात. मग जाळी लावून पाणी पुन्हा २०० लिटरवर आणायचं. तीच धार ठेवली तर पुढं ५ पीपीटी व्हायला ३३ तास लागतात. नळ न फिरवता उताराचा वेग आपोआप मंदावतो, आणि कोळंबीला शेवटीच जास्त सवड हवी असते. ५ वर पुन्हा पाणी काढून धार दुप्पट केली की २० तासांत साडेतीन. हे चालू असताना ताजा आर्टेमिया (बीजाचं खाद्य असलेले बारीक जिवंत जीव) घालत राहतो, कारण पंप चालवायला ताकद लागते आणि उपाशी बीज एकमेकांना खातं.

पांढऱ्या बशीत पाच-सहा पिल्लं घेऊन भिंगाखाली बघावीत. चांगल्या पिल्लाचं अंग काचेसारखं आणि पाठीतून आतड्याची गडद रेघ सलग. शेपटीचं मांस दुधाळ झालं, अंग वाकडं राहिलं किंवा रेघ तुटली, की धार बंद करून चार-सहा तास थांबायचं.

तळ्यात सोडण्याआधी १०० पिल्लं तळ्याच्याच पाण्यात बादलीत, हवा लावून ४८ तास. ८५ च्या खाली जगली तर बीज सोडायचं नाही, पाणी पुन्हा तपासायचं. मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी बीज आणण्याआधीच घ्यायची, आणि सांडव्याला बारीक जाळी लावायची. ही परदेशी जात आहे, ओढ्यातून भीमेत जाता कामा नये. तळ्याचं पाणी रानात सोडणंही वर्ज्य.

पुढं उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार चढतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. बिघडतं ते भर घातल्यावर. १०० घनमीटर बोअरचं पाणी सोडलं की त्यासोबत ५.६ किलो पोटॅश गेलीच पाहिजे. अस्तराच्या तळ्यात एवढं पुरतं. काळ्या मातीचं उघडं तळं असेल तर चिकणमाती पोटॅशियम धरून ठेवते, तिथं दर पंधरा दिवसांनी नमुना तपासून तूट भरावी लागते.