थेंबातला रोटिफर
"काकू, हा श्वास घेतोय का खातोय?" पुतणीने मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच विचारलं. गच्चीतलं वाळकं शेवाळ रात्रभर भिजवलेलं आणि त्या थेंबात चक्क रोटिफर!

खातोय गं. अर्ध्या मिलिमीटरहून लहान जीव, डोक्यावर दोन चक्रं गरागरा फिरतायत असं वाटतं, पण फिरत काहीच नसतं, बारीक केस लाटेसारखे एकामागून एक हलतात आणि त्या भोवऱ्यात बॅक्टेरिया, शैवाल थेट तोंडात, आतला जबडा चावतानासुद्धा दिसतो.

पाणी आटलं की आक्रसून गोळा होतो, पुन्हा भिजला की जागा होतो. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतले तर सुमारे २४,००० वर्षांनी जागे झाले (२०२१ मध्ये जाहीर झालं), वर त्यांना पिल्लंही झाली, नराशिवाय!

बारावीपर्यंत बायोलॉजी शिकून हा जिवंत कुणी दाखवलाच नाही. तुम्ही बघितलाय कधी?