यंदाचा सेदेर कोणाकडे?

चैत्री पौर्णिमा जवळ आली की आमच्या ठाण्याच्या घरात एकच विषय निघतो: यंदा पेसाहचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या वल्हांडण सणाचा, सेदेर (सणाच्या रात्रीचे विधीचे जेवण) घरी करायचा, की सिनेगॉगमधल्या, आमच्या प्रार्थनामंदिरातल्या, सामुदायिक पंगतीला जायचे? यांचे मत सिनेगॉगच्या बाजूने आहे आणि ते अगदीच गैर नाही. भिंतींना रंग द्या, डबेन् डबे धुंडाळून सणात वर्ज्य असलेल्या खमिराचा कण बाहेर काढा, सणाची भांडी माळ्यावरून उतरवा, ही कामे साठीनंतर जड जातात. सासूबाई तर तांब्याच्या भांड्यांना कल्हई लागल्याशिवाय सण आला असे मानतच नसत.

स्वयंपाकाची मला धास्ती नाही. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यूंच्या, घरांत पेसाहचे आठ दिवस भातही वर्ज्य असतो. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, तो चालतो, आणि कोकणातल्या माणसाला भात मिळाला की पुढची चिंता उरत नाही. सेदेरला प्यायच्या चार प्याल्यांसाठी काळ्या मनुका भिजत घालून शरबत घरीच होते.

अडते ते दुसरीकडेच. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून सुटल्याची गोष्ट पुढच्या पिढीला सांगण्यासाठी सेदेरचे ताट मांडलेले असते, आणि ती गोष्ट सुरू होते घरातल्या सर्वांत धाकट्याने विचारलेल्या चार प्रश्नांनी. आमची नातवंडे इस्राएलमधल्या अश्दोदला. ती तिथे हिब्रूत विचारतात. तलमूद या आमच्या धर्मग्रंथाने यावर तोड सांगितली आहे: मूल नसेल तर बायकोने विचारावे, आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे. पण एवढ्या संसारात मी यांना इतके प्रश्न विचारले आहेत की आणखी चारांनी गोष्टीला रंग चढेलसे वाटत नाही.

मात्र ज्याला भूक असेल त्याने यावे आणि जेवावे, असे आमंत्रण सेदेरला वाचायची पोथी, हगादाच, देते. शेजारच्या काकूंची नात सात वर्षांची आहे आणि तिला प्रश्न सुचवावे लागत नाहीत. भाषेचीही अडचण नाही. हिब्रू आणि मराठी मजकुराची हगादा पुण्यात 1874 साली छापली गेली, आणि तिच्यातल्या चित्रांत मत्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. तेव्हा ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ हे त्या मुलीने मराठीतच विचारावे.

इस्राएलबाहेर सेदेर दोन रात्री असतो, म्हणून पहिली रात्र घरी आणि दुसरी सिनेगॉगमध्ये, असे ठरले आहे. यांची अट एवढीच, की रंग फक्त स्वयंपाकघराला द्यायचा.