चिंचेने घासलेला बिल्ला

फोर्टात जुन्या नाण्यांच्या दुकानात कामाला आहे मी, अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं दिवसभर मोहरा बघत बसत असणार. अर्धा दिवस तर ट्रॅक्टरवाली पाचची नोट किती लाखाला घेता, या फोनमध्येच जातो. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांसाठी बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, तरी फोन चालूच.

तर गेल्या महिन्यात एक काका आले, रुमालाच्या गाठीतून पितळेची चकती काढली. ऑनलाइन ऑक्शनमध्ये बत्तीसशेला घेतलेली. विकणाऱ्याने लिहिलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं दुर्मिळ मंदिर टोकन, १८१८. आता १८१८ म्हटलं की माझं डोकंच फिरतं, कारण रामदरबार छापलेले ते नकली 'आणे' याच सालाचे असतात, नाहीतर १७१७ चे, नाहीतर १६१६ चे. १६१६ ला कुठला कंपनीचा आणा! पण यावर देव नव्हता, सालही नव्हतं. वर कमानीत जी.आय.पी.आर., खाली सी अँड डब्ल्यू, मध्ये १४३७, वरच्या काठाला भोक. मागची बाजू कोरी. ३४ मिलिमीटर.

जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सोडणारी, एवढं तर लगेच कळलं. १९५१ च्या नोव्हेंबरात ती मध्य रेल्वेत गेली, म्हणजे वस्तू त्याआधीची. सी अँड डब्ल्यू म्हणजे कॅरेज अँड वॅगन. पण वापर काय? पगाराचं टोकन की हजेरीचं? मालक म्हणाले लिही काहीतरी, तीनशेची वस्तू आहे. त्यांचं हे नेहमीचं.

मी फोटो पाठवला आमच्या बिल्डिंगमधल्या अण्णांना, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेत. दोन मिनिटांत फोन. "अरे, बिल्ला आहे हा, टूलरूमचा!" मग अर्धा तास बोलले. फिटरकडे स्वतःच्या नंबरचे पाच-दहा बिल्ले असायचे, ड्रिल नाहीतर आटे पाडायचा टॅप हवा की खिडकीत एक बिल्ला द्यायचा, तो त्या हत्याराच्या जागी खिळ्याला लटकायचा, हत्यार परत दिलं की बिल्ला परत. बिल्ला अडकून राहिला तर हिशोब पगारातून. "भोक बघ," म्हणाले, "वरच्या अंगाला झिजलंय ना? खिळ्याला लटकून लटकून." भिंग लावलं, खरंच भोक लांबुळकं झालेलं. अकरा वर्षं मी कडा बघतोय, भोकाचा काठ कधी बघितला नव्हता.

पुढे अण्णा म्हणाले, माणूस गेला की बिल्ला वितळवत नसत, नंबर कानशीने घासून नव्या माणसाचा ठोकत. अक्षरं साच्याची, आकडे हाताने ठोकलेले, म्हणून ते वाकडे. मी चकती दिव्याखाली तिरकी धरली. १४३७ च्या खाली काहीतरी होतं, चार आकड्यांची सावली. पण काकांनी आणण्याआधी चिंच लावून चकाचक घासलेली! कोण सांगतं यांना घासायला? दीडशे वेळा बोर्ड लावला असेल, घासू नका म्हणून.

काकांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मंदिर नाही म्हणून. मग विचारलं, माटुंग्याचा आहे असं लिहून द्याल? माटुंगा वर्कशॉप १९१५ चं, त्याआधीची शॉपं परळला, आणि झाशीचं वर्कशॉपही जी.आय.पी.चंच. नाही लिहून दिलं. मालक चिडले, गिऱ्हाईक खूश झालं असतं म्हणे.

काका बिल्ला घेऊन गेले. माझ्याकडे फक्त ऑक्शनमधला फोटो राहिलाय, चिंचेच्या आधीचा, कोणाच्या तरी तळहातावर ठेवून हलत्या मोबाईलने काढलेला. रात्री झूम करून बघतो. खालच्या जुन्या नंबरचा पहिला आकडा २ आहे हे नक्की, तिसरा ६ असेल नाहीतर ८. दुसरा आणि चौथा त्या माणसाच्या अंगठ्याच्या सावलीत गेलेत.